आबांच्या वस्तऱ्याची धार

चि. बाळूस,



तुझं पत्र पोचलं, वस्तऱ्याचा फोटोही. धारेवर दहा केस टाकले, त्यांतले चार तुटले आणि सहा नुसतेच वाकले, तर आता वस्तरा सहाणेवर घालावा का, असं विचारलं आहेस. थोडा थांब. सहाणेवर झिजलेलं पोलाद परत मिळत नाही, आणि आबांनी तो वस्तरा तीस वर्षं वापरला तो जपून जपूनच.

आबांची सकाळ तू पाहिलेली नाहीस. पडवीतल्या खांबाच्या खिळ्याला चामोटी, म्हणजे धार घोटायचा चामड्याचा पट्टा, अडकवलेली असायची. डाव्या हाताने ते ती ताणून धरायचे. वस्तरा पाठीकडून पुढे जायचा आणि धार मागून यायची. पट्ट्याच्या टोकाशी पोचला की आबा तो पाठीवरच उलटायचे. धारेवर उलटला तर चामडंही कापलं जातं आणि धारही मरते. तीस-चाळीस फेऱ्या झाल्या की आवाज बदलायचा. आधीची खरखर जाऊन एकसारखा ओढल्याचा आवाज यायचा. मग अंगठा पाण्यात बुडवून त्याचं पेर धारेला तीन ठिकाणी टेकवायचे: मुठीजवळ, मध्यावर आणि टोकाशी. अंगठा धारेच्या लांबीने त्यांनी कधी फिरवला नाही. तसा फिरवला की कातडी उघडलीच म्हणून समज. टेकवायचा आणि आडवा, जेमतेम हलवायचा. चांगली धार ओल्या कातडीला धरते, बोथट धारेवरून पेर निसटतं. तिन्ही ठिकाणी सारखं धरलं तरच आबा साबणाकडे वळायचे.

गावात घरोघर येणाऱ्या न्हाव्याची रीत थोडी वेगळी होती. धोकटीतून वस्तरा काढून तो तळहातावर परजायचा आणि अंगठ्याच्या ओल्या नखावर, वजन न टाकता, एकदाच ओढायचा. धारेत कुठे खाच असेल तर नखाला ती ‘टक्’ करून कळते. डोळ्याला न दिसणारी खाचही नखाला सापडते. पण नख कठीण असतं, त्यामुळे या परीक्षेत धारेचं थोडं नुकसान होतंच. म्हणून ती सहाणेवरून उतरल्यावर करायची, दाढीला बसण्याआधी रोज करायची नाही. आता सलूनमधल्या वस्तऱ्यात दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड बसतं. संसर्गाच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण त्यामुळे ही नखाची परीक्षा तुझ्या पिढीच्या पाहण्यातच आली नाही.

आता तुझ्या केसाकडे येऊ. केसाची परीक्षा फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, आठव्या अध्यायात, शस्त्र नीट पाजळलेलं आणि ‘रोमच्छेदी’ असेल, म्हणजे केस कापील, तेव्हाच ते कामाला घ्यावं असं सांगितलं आहे. तिथेच धार लावायला उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे, आणि लावलेली धार टिकवायला शाल्मलीची, म्हणजे आपल्या काटेसावरीची फळी. शिळा वेगळी, फळी वेगळी. आबांची सहाण वर्षातून एक-दोनदा निघायची आणि चामोटी रोज, तोच हा फरक. कोणत्या शस्त्राची धार किती बारीक हवी हेही सुश्रुताने कामानुसार ठरवलं: खरवडायच्या शस्त्राला अर्ध्या मसुरीएवढी, छेद घेणाऱ्याला अर्ध्या केसाएवढी.

प्रत्यक्षात वस्तऱ्याची धार अर्ध्या केसाहून कितीतरी बारीक असते. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठातल्या जॉन व्हरहोव्हन यांनी धार लावलेली पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून २००४ मध्ये मोजमापं लिहून ठेवली. दाढीच्या ब्लेडच्या धारेची रुंदी सुमारे ०.४ मायक्रॉन भरते. डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो.

एवढी बारीक धार असूनही केस वाकतो, याला केसाची घडणही कारण आहे. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात आणि त्यांच्या कडा शेंड्याकडे वळलेल्या असतात. त्यामुळे तू केस मुळाकडून धरलास की शेंड्याकडून, यावर निकाल फिरतो. बारीक केस वाकतो, जाड तुटतो. तेल लावलेला केस धारेवरून घसरतो. तुझे दहा केस एकाच डोक्याचे होते का? सगळे धुतलेले होते का? हे ठाऊक नसेल तर ‘चार तुटले’ यातून वस्तऱ्याबद्दल फारसं काही कळत नाही. स्वतःचाच, धुऊन वाळवलेला केस घे, नेहमी एकाच टोकाने धर, धारेपासून तेवढ्याच अंतरावर टेकव. मग निदान कालच्या धारेशी आजची ताडून पाहता येईल.

याच्या उलटही घडतं, आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. सहाणेवर गरजेपेक्षा जास्त घासलं की धारेच्या अगदी कडेला पोलादाची पातळ पापुद्री उभी राहते. ती लोंबता केस सपकन तोडते. बघणाऱ्याला वाटतं, धार उत्तम बसली. गालावर मात्र ती पापुद्री वळते, मोडते, आणि दाढीनंतर तास-दोन तास चेहऱ्याची आग होते. म्हणून केस तुटला एवढ्यावर विसंबू नकोस.

शिवाय एकदा लागलेली धार तशीच राहत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जानलुका रोशोली या संशोधकाने स्वतःची दाढी करून दरवेळी ब्लेड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ऑगस्ट २०२० मध्ये हे काम ‘सायन्स’ नियतकालिकात आलं. केस पोलादापेक्षा जवळपास ५० पट मऊ, तरी तो धारेचे टवके काढतो. पोलाद सगळीकडे एकजीव नसतं; जिथे त्याची घडण बदलते तिथे वाकलेला केस कडेने दाबला गेला की टवका उडतो. हे टवके तुझ्या नखालाही कळणार नाहीत इतके लहान. ओला, मऊ पडलेला केस कापायला कमी जोर लागतो. आबा गरम पाण्याचा पंचा तोंडावर दोन-तीन मिनिटं धरून ठेवायचे, तो एवढ्यासाठीच.

तेव्हा सहाण राहू दे. आधी आठवडाभर चामोटी कर, ओल्या पेराने तीन जागा बघ आणि मग गालावर, कानाखाली, जिथे कातडी सपाट आहे तिथे, केसांच्या दिशेने एकच हात मार. आवाज ऐक. केस कापले जात असतील तर बारीक करकर येते; ओढले जात असतील तर आवाज कमी येतो आणि डोळ्यांत पाणी जास्त. ओढलं तर तिथेच थांब, हनुवटीपर्यंत जाऊ नकोस. उलटी दाढी तर महिनाभर नकोच. आठवड्यानंतरही मुठीजवळचा भाग धरत नसेल, तर वस्तरा घेऊन इकडे ये, सहाण मी काढून ठेवतो.

चामोटी आज पार्सलने पाठवली आहे. वरच्या टोकापासून चार बोटं खाली एक तिरपी चीर आहे, आबांच्या हातून पडलेली. ते नेहमी तिच्या अलीकडूनच वस्तरा उलटायचे, तूही तसंच कर. दाढी झाली की पातं कोरडं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात दे आणि न्हाणीघरात ठेवू नकोस. पावसाळ्यात एका रात्रीत धारेवर गंज चढतो.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा