शंभर मीटरचे अर्पण



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी ठेवतो. कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, मिस्साबलीत त्यांची नावे घेतो. या महिन्याच्या चिंतनासाठी आम्ही एक वेगळाच विषय घेतला आहे. तो आहे पोहण्याची एक शर्यत. ती एका मिनिटाच्या आत संपली, पण तिच्यामागे ७७ मृतांचे स्मरण होते.

२५ जुलै २०११ रोजी चीनमधील शांघाय शहरात जागतिक जलतरण स्पर्धेतील पुरुषांच्या १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची अंतिम फेरी होती. आठ स्पर्धकांत नॉर्वेचा २६ वर्षांचा अलेक्झांडर डाले ओएन होता. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीत जपानच्या कोसुके किताजिमामागे त्याने रौप्यपदक मिळवले होते. जलतरणातले नॉर्वेचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक. शांघायमध्ये मात्र तो वेगळेच ओझे घेऊन उभा होता.

तीन दिवसांपूर्वी, २२ जुलैला, एका माणसाने ऑस्लोतील सरकारी इमारतींपाशी बाँबस्फोट घडवला. त्यात आठ जण गेले. तिथून तो पोलिसाच्या वेशात उटोया नावाच्या लहानशा बेटावर गेला. तिथे एका राजकीय पक्षाच्या युवा शाखेचे उन्हाळी शिबिर भरले होते. त्याने तिथे ६९ जणांना ठार केले. त्यांतली बहुतेक कोवळ्या वयाची मुले होती, आपल्या दृढीकरणाच्या वर्गात बसतात तेवढी. जीव वाचवण्यासाठी कितीतरी मुलांनी सरोवराच्या थंडगार पाण्यात उड्या घेतल्या. तेव्हा समोरच्या काठावर सुट्टीसाठी आलेल्या साध्यासुध्या लोकांनी आपल्या लहान होड्या पाण्यात लोटल्या आणि गोळीबार चालू असताना पोहणाऱ्या मुलांना वर ओढून घेतले.

त्या मारेकऱ्याने आपण ख्रिस्ती युरोपचे रक्षण करत आहोत असा दावा केला होता. आम्हांला हे वाचणे फार जड गेले. ज्या प्रभूने आपल्या शिष्याला तलवार म्यानात घालायला लावली, त्याच्या नावाचा हा वापर! म्हणून त्या माणसाचे नाव आम्ही इथे घेत नाही. पण ख्रिस्ताचे नाव कपाळावर मिरवणे आणि ख्रिस्ताच्या मागे चालणे यांत किती अंतर असू शकते, हे आपण आपल्या मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या दिवशी प्रभू कुठे होता, असे कुणी विचारले तर आम्ही त्या होड्यांकडे बोट दाखवू.

प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाचे जहाज माल्टाजवळ फुटते तो प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. कैदी पोहून पळून जातील या भीतीने शिपाई त्यांना मारून टाकणार होते. शताधिपतीने त्यांना रोखले. ज्यांना पोहता येते त्यांनी आधी उडी घ्यावी आणि बाकीच्यांनी फळ्यांवरून यावे, असे त्याने सांगितले. जहाजावरचे सर्व २७६ जण काठाला लागले. उटोयाची सगळी मुले काठाला लागली नाहीत. त्या आईबापांचे दुःख कुठल्याही वचनाने झाकून टाकण्याचा आम्ही प्रयत्न करणार नाही.

अशा वेळी पोहण्याच्या शर्यतीला काय अर्थ? हा प्रश्न खरा आहे. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की चूल पेटत नाही, ठरलेले लग्नसुद्धा पुढे ढकलतात. डाले ओएन माघारी गेला असता तर त्याला कुणी बोल लावला नसता. पण तो थांबला, आणि आपल्या लेनमध्ये उभा राहिला.

ब्रेस्टस्ट्रोक हा पोहण्याच्या चारही प्रकारांत सर्वांत संथ. यात दोन्ही हात एकदम पुढे जातात आणि एकदम छातीशी येतात. पायही बेडकासारखे दोन्ही एकदम मारायचे. वळताना आणि शेवटी भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी टेकले पाहिजेत, नाहीतर पोहणारा बाद ठरतो.

डाले ओएनने ५८.७१ सेकंदांत भिंत गाठली. दुसरा आलेला इटलीचा फाबियो स्कोझ्झोली ५९.४२ सेकंदांवर होता. एवढ्या छोट्या शर्यतीत हे अंतर पुष्कळच म्हणायचे. तेव्हाचा विश्वविक्रम ५८.५८ सेकंदांचा होता. तो २००९ मध्ये, पुढे बंदी आलेल्या खास पोहण्याच्या पोशाखांच्या काळात झाला होता. डाले ओएन साध्या कापडी पोशाखात त्याच्या इतका जवळ गेला.

पाण्यातूनच त्याने आपल्या टोपीवरच्या नॉर्वेच्या झेंड्याकडे बोट दाखवले. राष्ट्रगीत वाजताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले. तो विजय त्याने मृतांना आणि आपल्या शोकाकुल देशाला अर्पण केला. त्याच दिवशी दुपारी बारा वाजता, म्हणजे शांघायला संध्याकाळचे सहा झाले असताना, सारा नॉर्वे एक मिनिट स्तब्ध उभा राहिला होता. आणि तिकडे संध्याकाळ झाली तेव्हा ऑस्लोत लाखाहून अधिक लोक हातात गुलाबाची फुले घेऊन जमले. कुणी फूल आणले, कुणी मौन आणले, याने शंभर मीटर आणले. ज्याच्यापाशी जे होते ते त्याने दिले.

मिस्साबलीत भाकर आणि द्राक्षारस वेदीवर नेतात तेव्हा त्यांच्याबरोबर आपले श्रमही वर जातात, असे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. मुले मान डोलावतात, पण शेतातले, कारखान्यातले किंवा स्वयंपाकघरातले काम वेदीवर जाते म्हणजे काय, हे त्यांना समजावणे कठीण असते. ही शर्यत आम्हांला त्यासाठी उपयोगी पडते. आपल्या धर्मग्रामातही हेच दिसते. कुणाकडे दुःख झाले की कुणी जपमाळेची सुरुवात करतो, कुणी न विचारता खुर्च्या मांडतो, कुणी चहाचे पातेले चढवते, कुणी दफनभूमीत खड्डा खणायला जातो. खड्डा खणणाऱ्याचे हात मातीने भरलेले असतात. आमच्या मते तीही प्रार्थनाच. प्रार्थनेचा हात आणि कामाचा हात, दोन्ही एकदम टेकले पाहिजेत.

ही गोष्ट इथे संपली असती तर वर्गात सांगायला सोपी होती. ती तशी संपली नाही. ३० एप्रिल २०१२ रोजी, अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफ येथे लंडन ऑलिंपिकसाठीचा सराव चालू असताना, डाले ओएनचे हृदयक्रिया बंद पडून निधन झाले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आतल्या आत वाढत होता. त्याच्या सत्ताविसाव्या वाढदिवसाला तीन आठवडे उरले होते.

लंडनमध्ये ती शर्यत त्याचा मित्र आणि प्रतिस्पर्धी, दक्षिण आफ्रिकेचा कॅमेरॉन व्हॅन डर बर्ग, ५८.४६ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकला आणि त्याने आपल्या मित्राची आठवण काढली. नंतर त्यानेच कबूल केले की पाण्याखाली नियमापेक्षा जास्त पाय मारले होते. म्हणून आम्ही या खेळाडूंना संत करून ठेवत नाही. तीही आपल्यासारखीच माणसे.

चांगले केले की चांगले फळ मिळते, असा हिशेब आम्ही मुलांना शिकवत नाही. डाले ओएनच्या मृत्यूचे कारण देवाच्या मनात शोधत बसणेही आम्हांला बरोबर वाटत नाही. लाजराला आपण उठवणार हे प्रभूला माहीत होते, तरी त्याच्या कबरीपाशी तो रडला. जिथे प्रभू रडला तिथे आपण स्पष्टीकरणे देऊ नयेत. अर्पणाचे मोल मात्र मोबदल्यावर अवलंबून नसते. वेदीवर ठेवलेली वस्तू आपण परत मागत नाही. ते शंभर मीटर दिले गेले, ते दिलेलेच राहिले.

या आठवड्यासाठी एक छोटी साधना सुचवतो. या वर्षी आपल्या धर्मग्रामात ज्या घरी मृत्यू झाला त्यांतले एक घर आठवा. आपल्याला जे काम खरोखर येते, मग ते शिवणकाम असो, नळदुरुस्ती असो की मुलांचा अभ्यास घेणे असो, ते त्या घरासाठी एकदा नीट करा. त्या मृताचे नाव मनात घेऊन करा. बोलायला शब्द सापडले नाहीत तरी चालेल.

प्रार्थना करू या: हे प्रभू, शोक करणाऱ्यांपाशी आम्हांला रिकाम्या हातांनी जाऊ देऊ नकोस. आमच्या हातांना जे येते ते तुझ्या वेदीवर घे. जे पाण्यात, वाटेत, झोपेत अचानक गेले, त्यांना तुझ्या काठावर पोहोचव. आमेन.