धुराच्या दोन पाती
आमच्या देवासात १९४८ पर्यंत थोरली आणि धाकटी अशा दोन पाती होत्या. गाव एक, राजे दोन! रसायनशास्त्र शिकू लागलो आणि मला धुरातही दोन पाती दिसू लागल्या. कोळशातील गंधकापासून बनणारे सल्फेटचे कण ऊन परतवतात. काजळीचे कण तेच ऊन शोषून हवा तापवतात. १९९१ च्या पिनाटुबो ज्वालामुखीनंतर सल्फेटमुळे जग सुमारे ०.५ अंश सेल्सिअसने निवले होते. मग धूर असू द्यावा? धारच्या वाटेवर पेटवलेली गव्हाची धसकटे पाहिली की आजीचा दमा आठवतो. छातीत दोन्ही पाती गुण्यागोविंदाने शिरतात! धूर हटवलाच पाहिजे. मात्र असले कण आठवड्या-दोन आठवड्यांत खाली बसतात, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके राहतो. सावली जाईल, ताप उरेल. म्हणून बंदोबस्त दोहोंचाही एकदमच व्हायला हवा.