लग्नपत्रिकेत बँडवाल्याचं नाव नसतं

मंडळी, आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत कोणाचं नाव नसतं, सांगा बरं. पणजोबा असतात, कै. लावून. सगळे काका, मामा, मावश्यांचे यजमान असतात. आशीर्वाद म्हणून आजी-माजी आमदार असतात, विकास सोसायटीचे चेअरमन असतात. खाली चिल्ल्यापिल्ल्यांची रांग असते, काकाच्या लग्नाला यायचं हं म्हणून. मंडपवाला गेटवर स्वतःचा बोर्ड लावतो, आचारी पंगतीत कार्ड वाटतो. भर उन्हात तीन तास फुंकणाऱ्या बँडवाल्याचं नाव मात्र फक्त त्याच्या ढोलावर रंगवलेलं असतं, आणि तेही मालकाचं. वाजवणाऱ्यांचं कुठेच नसतं.

आज हा विषय काढायला कारण आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या वडिलांचं टेलरिंगचं दुकान. दिवाळी संपली की तुळशीच्या लग्नापर्यंत दुकानात फक्त लाल कापड असायचं. गावातल्या बँडचे बावीस ड्रेस वडील शिवायचे. खांद्यावर झालर, छातीवर पिवळ्या दोऱ्या, टोपीला तुरा. बाकीच्या गिऱ्हाइकाचं माप एकदा घ्यायचं, पण क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाल्यांच्या छातीचं दोनदा. एकदा साधं, एकदा श्वास भरून. नाहीतर पहिल्याच वरातीत गुंडी तुटते. ती मापं वहीत उतरवायचं काम माझं, आणि ड्रेस पोचवायचंही माझंच. तिथून मी बँडात शिरलो.

पावसाळ्यात लग्नं नसतात. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न, या चार महिन्यांत बँडवाला एक तर मजुरीला जातो किंवा तालीम करतो. गणपतीच्या चार सुपाऱ्या मिळाल्या तर मिळाल्या. आमची तालीम जिनिंगच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये चालायची. कपाशीचा हंगाम सुरू होईपर्यंत गोडाऊन मोकळंच. पत्र्यावर पाऊस आणि आत तीन क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, दोन युफोनियम, साईड ड्रम, ढोल, झांजा, खुळखुळे. एकमेकांचं ऐकू यायचं नाही. मास्तर म्हणायचे, इथे ऐकू आलं तर वरातीत पण ऐकू येईल.

मास्तर म्हणजे बँडमास्तर. त्यांच्या वडिलांनी हलगी वाजवली, आजोबांनी वाजवली. तेव्हा ते गावकीचं काम होतं. बोलावलं की जायचं, मिळेल ते धान्य पदरात घ्यायचं, नाही म्हणायची सोय नव्हती. बँड म्हणजे रोखीचा धंदा. सुपारी आधी, वाजवणं नंतर, आणि जमणार नसेल तर नाही म्हणायचं. मास्तरांना लाल ड्रेसचं कौतुक होतं ते यासाठी. आपल्याला तो ड्रेस बघून हसू येतं. त्यांच्या घरात तो पहिला असा कपडा होता, जो घालून गावात शिरलं की भाव ठरवून बोलावलेला माणूस म्हणून शिरता यायचं.

मूळ हा प्रकार इंग्रजांच्या पलटणीतला. लष्करी बँड बघून संस्थानिकांनी आपले बँड काढले, मग शहरातल्या पैसेवाल्यांनी लग्नात बोलावले, मग ते खेड्यापर्यंत आले. पितळी वाद्यं बनवायचं मोठं केंद्र अजूनही मेरठच. तिथल्या जली कोठी भागात गल्लीच्या गल्ली हेच काम करते, आणि नादिर अली कंपनी तर १८८५ पासूनची. आमचे दोन्ही युफोनियम मेरठचेच होते. ते चिंचेने घासून चकाकवायचे. ते काम नव्या पोराचं, म्हणजे माझं.

पहिले सहा महिने माझ्या हातात खुळखुळे. मला वाटायचं, हे काय वाजवणं आहे? मास्तर म्हणायचे, “भो, चालता चालता ज्याचा ठेका पडत नाही त्यालाच वाद्य मिळतं.” गोडाऊनमध्ये गोल फिरवायचे. पाय एका लयीत, हात दुसऱ्या लयीत. मग साईड ड्रम, आणि दुसऱ्या वर्षी क्लॅरिनेट.

क्लॅरिनेट हे फसवं वाद्य आहे. मला शाळेत बासरी थोडी यायची. बासरीत जोरात फुंकलं की तोच स्वर वरच्या सप्तकात निघतो, बोटं तीच. क्लॅरिनेटवर मागची चावी दाबली की सा चा वरचा सा होत नाही, थेट वरचा प होतो. म्हणजे खालची बोटं पाठ झाली तरी वरची पुन्हा पहिल्यापासून शिकायची. हे पुस्तकातून कळायला मला पुढे पंधरा वर्षं लागली. मास्तरांनी पुस्तक पाहिलेलं नव्हतं, पण त्यांच्या वहीत खालची आणि वरची बोटं दोन वेगळ्या पानांवर काढलेली होती. गाणी सरगममध्ये लिहिलेली, देवनागरीत, शिसपेन्सिलीने. पत्ती कोरडी असेल तर बोलत नाही, जास्त भिजली तरी चिरकते. खालचा ओठ दातावर घ्यायचा, त्याने तो आतून सोलतो. रस्त्याच्या खड्ड्यात पाय गेला की माउथपीस दातावर आपटतो. आपल्या रस्त्यांवर मी पुढे पत्रकार म्हणून बरंच लिहिलं, पण त्यांचा पहिला अनुभव दातांनी घेतला आहे.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला. त्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर एकही यजमान असा नव्हता, की ज्याने बुटांच्या पळवापळवीचं गाणं मागितलं नाही. मास्तरांनी कॅसेट आणली. दोन ओळी ऐकायच्या, बटण बंद. सेल वाचवायला पेन्सिल घालून हाताने रीळ मागे फिरवायचं, पुन्हा ऐकायच्या. गाण्याची चाल अर्ध्या तासात बसायची. वेळ जायचा तो मधल्या तुकड्यांना. सिनेमात तिथे पन्नास-साठ वादकांचा ताफा वाजतो. मास्तर तो ताफा आम्हा दहा-बारा जणांत वाटायचे. व्हायोलिनचं काम क्लॅरिनेटकडे, कोरसचं ट्रम्पेटकडे, खालचा भरणा युफोनियमकडे. कोणाला काय द्यायचं हे ते कागदावर लिहीत नसत, बोटाने दाखवत.

याला सिनेमात अरेंजर म्हणतात. शंकर-जयकिशनसाठी हे काम गोव्याच्या सेबॅस्टियन डिसूझांनी वर्षानुवर्षं केलं, आणि त्यांचंही नाव सामान्य श्रोत्याला फार उशिरा कळलं. आमचे मास्तर त्याच कामाची उलटी बाजू करत होते. मुंबईत एका चालीचा ताफा व्हायचा, आमच्या गोडाऊनमध्ये त्या ताफ्याचं पुन्हा बारा माणसांचं गाणं व्हायचं. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला, त्यात बातमी लहान कशी करायची ते शिकवतात. काय काढलं तरी चालतं आणि काय काढलं की जीव जातो, हे मला आधीच येत होतं.

‘सूरज’मधलं, १९६६ चं ते फुलं उधळायचं गाणं शिवरंजनीत आहे, हे मला मास्तरांनी सांगितलं. म्हणाले, “राग रडका आहे, पण लग्नात चालतो. कारण मुलीचा बाप ऐकत असतो.” ‘नागिन’ (१९५४) ची बीन तर प्रत्येक वरातीत लागतेच. ती मुळात बीन नाहीच, कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. विजेच्या वाद्याने केलेली बीनची नक्कल आम्ही लाकडी क्लॅरिनेटवर करायचो आणि खाली नवरदेवाचे मित्र डांबरावर लोळायचे. भल्याभल्यांना लोळताना पाहिलंय, नावं घेत नाही.

मास्तरांचे दोन नियम होते. ओवाळून टाकलेली नोट हातात दिली तर घ्यायची. दातात धर म्हणाला, जमिनीवरून तोंडाने उचल म्हणाला, तर वाजवणं बंद. असं दोनदा झालं. एकदा यजमानांनी माफी मागितली, एकदा आम्ही अर्ध्या वरातीतून परत आलो, उरलेली सुपारी बुडाली. दुसरा नियम जेवणाचा. सगळ्या पंगती उठल्यावर मागच्या बाजूला बसवतात, तसं चालणार नाही. पंगतीत जागा द्या, नाहीतर आम्ही डबे आणले आहेत. बावीस डबे खरंच आणलेले असायचे.

वडिलांना माझं बँडात जाणं आवडायचं नाही. कपडे शिवणं वेगळं, घालणं वेगळं, असं ते म्हणायचे. त्यांच्या बोलण्यातला जातीचा भाग मला तेव्हा कळत होता, आणि त्यांनाही माहीत होतं की मला कळतंय. चार सीझन वाजवलं, मग कॉलेजला जिल्ह्याला गेलो. क्लॅरिनेट सुटलं.

आता डीजेबद्दल. मी डीजेला शिव्या घालायला बसलेलो नाही. डीजे दमत नाही, जेवायला मागत नाही, कोणतंही गाणं लगेच लागतं. लोक तो घेणारच. फक्त २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद आहे, हे आपण सगळे मिळून विसरलो आहोत. आणि खरं सांगायचं तर आपल्या खान्देशात आता जो ‘बँड’ म्हणून येतो, त्याच्याही गाडीवर भिंतीएवढे स्पीकर असतात. वर कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि गायक. फुंकणारा एखादाच, तोही माईकमध्ये.

उरलेल्यांचं कोरोनाने आटोपलं. २०२० ची आखाजी लॉकडाऊनमध्ये गेली, लग्नाला पन्नासच माणसं. २०२१ च्या एप्रिलमध्ये पंचवीस माणसं आणि दोन तास. बँडवाल्याचं वर्ष उन्हाळ्यावर चालतं, त्याचे लागोपाठ दोन उन्हाळे गेले. आमचे मेरठचे दोन्ही युफोनियम तेव्हा मोडीत गेले, वजनावर. कोणी विकले ते मला माहीत आहे. त्याच्याजागी मी असतो तर मीही विकले असते.

तर कारण हे. राज्य सरकारची वृद्ध कलावंतांना मानधन द्यायची योजना आहे. जुनीच आहे, २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आणि मानधन सरसकट महिना ५००० रुपये केलं. चांगला निर्णय, तेव्हाही मी तसंच लिहिलं होतं. वय ५० च्या पुढे, कलेत किमान १५ वर्षं, उत्पन्न वर्षाला ६० हजारांच्या आत. मास्तर या तिन्हीत बसतात. वय सत्तरीच्या पुढे, वाजवलं चाळीस वर्षांच्या वर, आणि उत्पन्नाचं काय बोलायचं? अर्ज मी स्वतः भरला. तो परत आला. शेरा, कलेतील योगदानाचे पुरावे जोडावेत.

पुरावे म्हणजे प्रमाणपत्रं, कार्यक्रमाच्या पत्रिका, पेपरातली कात्रणं, फोटो. आता बघा. बँडवाल्याला प्रमाणपत्र कोण देतं? पत्रिकेत नाव नाही, ते वर सांगितलं. पेपरात लग्नाची बातमी येते ती कोण पुढारी हजर होते याची. सुपारीची पावती नसते, शब्दावर व्यवहार. मास्तर शांतपणे म्हणाले, “क्लॅरिनेट घेऊन जाऊ का? समोर वाजवतो.” मला हे अगदी रास्त वाटतं. कीर्तनकार, शाहीर, वादक, सगळ्यांनाच समितीने दहा मिनिटं समोर बसवावं. खोट्या प्रमाणपत्रांचा धंदाही त्याने बसेल. पण आज तशी सोय नाही, कागदच लागतो.

राहिले फोटो. मास्तरांच्या घरी त्यांचा वाजवतानाचा एकही फोटो नाही. कॅमेरा यजमानाचा, रोल यजमानाचा. म्हणजे ते फोटो तुमच्या घरी आहेत. आई-वडिलांच्या, काका-मामांच्या लग्नाच्या अल्बममध्ये घोड्याच्या पुढे, कडेला अर्धे कापलेले, लाल ड्रेसमधले लोक दिसतात, ते बघा. व्हिडिओ कॅसेट असेल तर तीही बघा. पण त्यात एक गंमत आहे. व्हिडिओवाले मिक्सिंग करताना मूळ आवाज काढून वर सिनेमाचं गाणं टाकायचे. मास्तरांचे गाल फुगलेले दिसतात, बोटं चालताना दिसतात, आणि आवाज रफी नाहीतर लताबाईंचा येतो.

साधारण १९७५ ते २००५ मधली लग्नं, आपल्या तालुक्यातली. फोटोचा मोबाईलवर फोटो काढून मला मेसेंजरवर पाठवा, गाव आणि लग्नाची तारीख लिहा, शक्य असेल तर पत्रिकेचाही फोटो जोडा म्हणजे तारीख सिद्ध होईल. मास्तरांबरोबर आणखी चौघांचे अर्ज करायचे आहेत, त्यामुळे फोटोत फक्त ढोलवाला किंवा ट्रम्पेटवाला दिसत असला तरी पाठवा. ओळखायचं काम आम्ही करू. कॅसेट कोणाकडे असेल तर दुकानात आणून द्या, कॉपी करून दोन दिवसांत परत मिळेल. मूळ आवाज तसाच राहिलेली एखादी निघाली तर आधी फोन करा, मी घरी येऊन घेऊन जातो.