तीन, तरी एकच? लेकीचा हिशोब

आम्ही डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकला राहतो. १५९२ सालचं ट्रिनिटी कॉलेज इथून चालत जाण्याएवढं. त्या नावाचा अर्थ सांगितला, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, तर लेक म्हणाली, "आई, तू सीए ना? मग १+१+१ = १ कसं?"

आपण पटकन म्हणतो, "अगं, आपल्या दत्तासारखं!" पण तसं नाही. दत्तात ब्रह्मा-विष्णू-महेश एकत्र येतात. ही भागीदारीही नाही. भागीदारीत वाटे असतात. ख्रिस्ती श्रद्धेत तिघांपैकी प्रत्येक जण पूर्ण देव, तरी देव एकच. सेंट पॅट्रिकच्या दंतकथेतलं तीन दलांचं शॅमरॉकही इथे अपुरं पडतं, कारण एक दल म्हणजे पूर्ण पान नव्हे.

१९३७च्या आयरिश राज्यघटनेची सुरुवातच या त्रैक्याच्या नावाने होते. आणि त्याच घटनेच्या ४४व्या कलमामुळे सरकारी अनुदानाच्या शाळेत धर्मशिक्षणाला न बसण्याचा हक्क मुलांना मिळतो.

बसवायचं की नाही, ते प्रत्येकाने आपापल्या घरी ठरवावं. पण "सगळं सारखंच असतं" म्हणून मुलांची बोळवण करू नका. मैत्रिणीचा देव नीट समजला, की आपला दत्तही नीट सांगता येतो.

तुमच्याकडे काय सांगता?