प्रतिवादी क्रमांक 2

मी महापालिकेत कनिष्ठ अभियंता होतो. साहेबांच्या सहीच्या आदेशावरून नाल्यावरचं बांधकाम पाडलं. मालकाने दावा लावला: महापालिका प्रतिवादी क्रमांक 1, मी 2, नावानिशी. पॅनलवरचे वकील म्हणाले, "मी पालिकेचा. तुमचं तुम्ही बघा." सहा वर्षं रजा टाकून तारखा केल्या, फी खिशातून भरली. दावा फेटाळला गेला. पैसे गेले ते गेलेच.

महानगरपालिका अधिनियमाचं कलम 487 म्हणतं, दाव्याआधी महिनाभराची नोटीस द्या. नोटीस मिळते हो, वकील कुठे मिळतो?

पैसे खाऊन पाडलं असेल तर खुशाल शिक्षा करा. पण आदेश पाळणाऱ्याला वकील पालिकेनेच द्यायला हवा. नाहीतर पुढचा अभियंता नाल्याकडे बघणारच नाही. मग जुलैत पाणी तुमच्या-माझ्या घरात.