पान खुडायची वेळ

लेट्यूसचं बी पारा तीसच्या वर असला, की ओल मिळूनही निजून राहतं. आमच्या दारव्ह्यात दसऱ्यानंतरही दुपार तशीच तापलेली असते. म्हणून बी ओल्या फडक्यात गुंडाळून एक-दोन रात्री फ्रिजमध्ये ठेवते आणि ऊन उतरल्यावर वाफ्यावर पसरते. त्याला उगवायला उजेड लागतो; मातीखाली गाडायचं नाही, वर चाळलेल्या शेणखताची नुसती भुरभुर.

आमची जमीन कपाशीची. ओली असताना पायाला चिकटते, वाळली की भेगाळते. लेट्यूसची बहुतेक मुळं वरच्या थरातच पसरतात, म्हणून कुजलेलं शेणखत घालून गादीवाफा उंच करावा, चार-पाच पानांची रोपं वीतभर अंतराने लावावीत आणि पाणी थोडं पण रोज द्यावं. एक दिवस कोरडा, दुसऱ्या दिवशी लोट, असं झालं की आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. लोक रोग समजून फवारणी करतात. खरी कमतरता कॅल्शियमची असते. काळ्या मातीत चुना मुबलक, पण पाण्याची लय तुटली की तो आतल्या पानापर्यंत पोचत नाही.

‘हे विदेशी पान आपल्याकडे कशाला?’ असं कोणी विचारलं, की मी त्यांना वावराच्या धुऱ्यावर नेते. तिथे हिवाळ्यात पाथरी उगवते. भाकरीसोबत, ठेच्यासोबत आपण ती कच्चीच खातो. तिचं पान तोडलं की देठातून पांढरा चीक येतो. लेट्यूसचा देठ कापून शेजारी धरा, तोच चीक. करडईही याच कुळातली, कोवळी असताना तिची भाजी होते. करडईचं तेल आपण गाळतो, तसं इजिप्तमध्ये लेट्यूसच्या बियांचं तेल काढतात. नात्यातलंच पान आहे हे. आपल्या ताटात उशिरा आलं, एवढंच.

खरं कसब काढणीत आहे. अख्खा गड्डा उपटणं बाजारासाठी ठीक; घरच्या वाफ्यात पसरट पानांची जात लावावी आणि बाहेरची पानं खालून खुडत जावीत. मधला कोंब शाबूत राहिला, की झाड कितीतरी आठवडे देत राहतं. खुडायचं ते भल्या पहाटे. रात्रभर पाणी प्यायलेलं पान बोटांत कट्‌कन मोडतं. दहा वाजता तेच पान लवतं, मोडत नाही, आणि मग ते कितीही गार पाण्यात बुडवा, तो कुरकुरीतपणा तसा येत नाही. प्रत्येक वेळी एक तुकडा मी चाखून बघते. संक्रांतीनंतर दिवस मोठा होतो, दुपारी ऊन चटकायला लागतं, आणि पानाच्या मधल्या शिरेत कडवटपणा उतरतो. डोळ्यांना झाड तेव्हा टवटवीतच दिसतं, पण जिभेला आधी कळतं. त्या आठवड्यात सगळं खुडून वाटून टाकावं. दोन दिवसांच्या मोहात अख्खा वाफा कडू होतो.

एक-दोन जोमदार झाडं मात्र डेंगळ्यावर सोडते. लेट्यूसचं फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे जात सहसा बिघडत नाही. पिवळी फुलं मिटून पांढरे झुपके फुटतात, पण सगळे एकदम पिकत नाहीत. रोज कागदी पिशवीत झटकून घ्यावे लागतात, नाहीतर वारा नेतो. बी सावलीत वाळवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत, फ्रिजमध्येच ठेवावं. आमच्या मे महिन्यात माळ्यावर ठेवलेलं बी दसऱ्याला उगवेल याचा भरवसा नसतो.