मसला पूर्ण लिहा

दारुल इफ्ताकडे पाठवलेला एखादा इस्तिफ्ता तुम्ही वाचला असेल, तर त्याची धाटणी लक्षात राहिली असेल. सुरुवातीला उलमा-ए-दीन काय फरमावतात अशी विचारणा, मग मसला. जैदने हिंदाशी निकाह केला, बक्र त्या वेळी हजर होता, महर अमुक ठरला. खरी नावं कुठेच नसतात. जैद, बक्र, उमर आणि हिंदा हीच चार माणसं पिढ्यानपिढ्या लग्नं करतात, भांडतात, कर्ज काढतात आणि वारतात. मुफ्तीसाहेबांचं उत्तर पुष्कळदा 'सूरत-ए-मसऊला में' या शब्दांनी सुरू होतं. म्हणजे तुम्ही जशी परिस्थिती लिहून दिलीत, तिच्यापुरतं हे उत्तर. काही गाळलं असेल तर ते लिहिणाऱ्याने गाळलं.

हे आठवण्याचं कारण मोबाईल. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, मग जेमिनी आलं, आणि २०२४ मध्ये मेटा एआयचं वर्तुळ आपल्या व्हॉट्सॲपमध्येच येऊन बसलं. आता जळगाव-धुळ्याच्या ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही, तिथेही कुणीतरी त्याला काहीतरी विचारत असतं. त्याला जे लिहून विचारायचं त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. पालक आम्हाला विचारतात, "सर, प्रॉम्प्ट लिहायचा काही कोर्स असतो का?" असतो, आणि त्याची फीही असते. पण ज्याला नीट इस्तिफ्ता लिहिता येतो, किंवा तहसीलदारांना मुद्देसूद अर्ज लिहिता येतो, त्याला त्या कोर्सची गरज आहे असं आम्हाला वाटत नाही. अडचण एवढीच की मुफ्तीसाहेबांना आपण दोन पानं लिहितो आणि मोबाईलला चार शब्द.

धुळ्यातल्या एका ओळखीच्या घरची गोष्ट. घरातले कर्ते गेले. चाळिसावं झाल्यावर तरक्याचा विषय निघाला. एक प्लॉट विकून आलेले २४ लाख रुपये होते. धाकट्या मुलाने, कॉलेजात शिकणाऱ्या, मोबाईलवर विचारलं: वडील वारले, आई, दोन भाऊ, एक बहीण, २४ लाखांची तक्सीम कशी? क्षणात उत्तर आलं. बायकोला आठवा हिस्सा, ३ लाख. उरलेल्या २१ लाखांत मुलांना दोन-दोन आणि मुलीला एक भाग, म्हणजे मुलांना ८ लाख ४० हजार प्रत्येकी, मुलीला ४ लाख २० हजार. हिशेब अगदी बरोबर. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाजूला बसलेल्या फुफीने तेवढ्यात विचारलं, "और अम्मा?"

दादी बाहेरच्या खोलीत होत्या. मय्यतची आई हयात, आणि प्रश्नात त्यांचा उल्लेखच नाही. मुलाने 'आई' लिहिलं ते स्वतःची आई म्हणून. वडिलांची आई त्याच्या डोक्यातच आली नाही. दादींसह हिशेब केला तर आईचा सहावा हिस्सा म्हणून त्यांचे ४ लाख निघतात, पत्नीचे ३ लाख तसेच राहतात, उरलेल्या १७ लाखांत मुलांना ६ लाख ८० हजार प्रत्येकी आणि मुलीला ३ लाख ४० हजार. फुफीला स्वतःला यात काहीच मिळणार नव्हतं. मुलगे हयात असताना बहिणीला हिस्सा नसतो. तिने तरी विचारलं. चार शब्दांच्या प्रश्नात एका म्हाताऱ्या बाईचे चार लाख गेले असते, आणि कुणाच्या मनात खोट नव्हती.

यंत्राने विचारायला नको होतं का, असं त्या घरातल्या थोरल्याचं म्हणणं. विचारायला हवं होतं. पण हे यंत्र प्रचंड मजकूर वाचून, आधीच्या शब्दांपुढे कोणता शब्द येणं संभवतं ते जुळवत उत्तर रचतं. तुमच्या बाहेरच्या खोलीत कोण बसलं आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. जे लिहिलं नाही ते ते बहुतेकदा 'नाही' धरून चालतं, किंवा सर्वसाधारण घरात असतं तसं धरतं. आणि अडखळत नाही, हाच त्याचा मोठा धोका. अबू दाऊदमध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेली ती घटना आठवा: प्रवासात डोक्याला जखम झालेल्या माणसाने तयम्मुमची सवलत आहे का विचारलं, सोबत्यांनी नाही म्हणून सांगितलं, त्याने गुस्ल केला आणि तो दगावला. माहीत नसताना त्यांनी विचारलं का नाही, यावर प्रेषित (सल्ल.) किती नाराज झाले ते आपण जाणतो. मोबाईल त्या सोबत्यांसारखाच आहे, फक्त त्याला नंतर पश्चात्ताप होत नाही.

मग त्याच मुलाला आम्ही इस्तिफ्त्याच्या धाटणीने लिहायला सांगितलं. जैदचं निधन झालं. मागे पत्नी, आई, दोन मुलगे, एक मुलगी. वडील आधीच वारलेले. महर अदा झालेला. वसीयत नाही. कर्ज किती ते लिहिलं. हनफी मसलकानुसार हिस्से काढ, प्रत्येक पायरी दाखव, आणि शेवटी सगळे हिस्से मिळून २४ लाख होतात का ते तपास. त्याखाली एक ओळ: माहिती अपुरी वाटली तर उत्तर देण्याआधी मला प्रश्न विचार. ही शेवटची ओळ आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. ती आधी लिहिली असती, तर मय्यतचे आईवडील हयात आहेत का, हा प्रश्न यंत्राने स्वतःहून विचारण्याची शक्यता बरीच होती. मसलक लिहिणंही विसरू नये. शिया फिकहमध्ये विरासतीचे काही हिशेब वेगळे येतात आणि यंत्राला तुमची मशीद माहीत नसते.

जैद हे नाव मुद्दाम. घरच्या माणसांची नावं, आधार क्रमांक, बँकेचं खातं यातलं काहीही त्या खिडकीत टाकू नये. मामूजानचा दवाखान्याचा कागद विचारायचा असला तरी नावाची जागा झाकून फोटो काढावा. आपल्या बुजुर्गांनी ही पद्धत अब्रू झाकण्यासाठी घातली होती, ती इथे जशीच्या तशी चालते.

एवढं करून आलेला कागद त्या घराने मुफ्तीसाहेबांकडे नेलाच. तेच योग्य. दीनच्या बाबतीत तर हे यंत्र हदीसचा क्रमांकसुद्धा मनाने रचून देतं, किताबचं नाव खरं आणि मजकूर भलताच. छापील किताब उघडून पाहिल्याशिवाय असला हवाला कुणी फॅमिली ग्रुपवर टाकू नये. जुम्म्याच्या सकाळी तर मुळीच नको!

रावेर-यावलच्या केळीवाल्यांचं दुखणं वेगळं. तिकडचे नातेवाईक विचारतात: केळीची पानं पिवळी पडली, काय फवारू? प्रश्नातच 'काय फवारू' असलं की यंत्र फवारणीच सांगणार. खालची, जुनी पानं असतील, त्यांवर लांबट ठिपके येऊन मध्ये राखाडी होत असतील, तर करप्याची शंका घ्यावी आणि बुरशीनाशकाचा विचार करता येतो. पण नव्या पानांवर फिकट पिवळे पट्टे असतील, लागवड कोवळी असेल, शेजारी काकडीवर्गीय पीक आणि त्यावर मावा असेल, तर सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू असू शकतो. त्याला औषध नाही. रोगट झाडं उपटून नष्ट करायची आणि माव्याचा बंदोबस्त करायचा. एका उत्तरात पंपाचा खर्च, दुसऱ्यात उभी झाडं मुळासकट. म्हणून कोणतं पान, लागवडीचा महिना, वाण, शेजारचं पीक, गेल्या आठवड्याचं हवामान असं सगळं लिहावं, पानाचा फोटो जोडावा, आणि विचारावं की हे कोणकोणते रोग असू शकतात व एकमेकांपासून कसे ओळखायचे. मग पान घेऊन पालचं कृषी विज्ञान केंद्र किंवा जळगावचं केळी संशोधन केंद्र गाठावं. अहिराणीत विचारून पाहायला हरकत नाही, पण उत्तर येतं ते मराठी आणि हिंदीची मिसळ होऊन.

शाळेत आम्ही हे यंत्र मुख्यतः एनएमएमएसच्या तयारीला वापरतो. आठवीची ही परीक्षा, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये. मुलीची शाळा पुढे चालू राहील की नाही, हे काही घरांत या रकमेवर ठरतं. नुसतं 'विज्ञानाचे प्रश्न दे' म्हटलं की भलत्याच इयत्तेचं काहीतरी येतं. आम्ही बालभारतीच्या पाठाचा मजकूर देतो, जुन्या पेपरातले दोन प्रश्न नमुन्याला देतो, चार पर्याय हवेत आणि उत्तरं शेवटी वेगळी हवीत असं लिहितो. उर्दूसाठी संज्ञांची यादीही द्यावी लागते: प्रकाशसंश्लेषणाला कुठे 'शुआई तरकीब' म्हणतात, कुठे 'जियाई तालीफ'. मुलींनी वर्गात एक शब्द शिकायचा आणि सराव दुसऱ्यावर करायचा, हे बरं नाही. इतकं करूनही दहापैकी एखाद्या प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर निघतात. तो प्रश्न आम्ही काढून टाकत नाही, फळ्यावर लिहितो आणि चूक मुलींना शोधायला लावतो. गेल्या वेळी ती मागच्या बाकावर सापडली.